बहिणीच्या पतंगांसाठी मका

रिकामटेकडे लोक बसून माश्या मारतात, माझी बायको उभी राहून माश्या पाळते. हा विनोद मी लग्नापासून इतक्या वेळा केला आहे की आता ती हसत नाही. हातातला ब्रश खाली न ठेवता "झालं?" एवढंच विचारते. पण खरं सांगायचं तर आमचं घर त्या माश्यांवरच चाललं. ती माश्या करायची, मी व्हॅनमधून पोचवायचो. गावात मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. कार्डवालीचा नवरा, बस्स.

कार्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मक्याचा भरडा ट्रेमध्ये पसरायचा आणि त्यात पतंगाची अंडी सोडायची. अळ्या होतात, भरड्यात जाळी विणून त्यातच वाढतात, आणि शेवटी त्यांचे करडे पतंग होतात, दिसायला अगदीच भिकार. त्या पतंगांनी घातलेली अंडी मऊ ब्रशने झाडायची, चाळायची, आणि डिंक लावलेल्या कार्डावर भुरभुरायची. मग ते कार्ड मित्रमाश्यांच्या बरणीत. मित्रमाशी टाचणीच्या टोकाहून लहान. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि कार्ड काळं पडत जातं. हे काळं कार्ड शेतात पानाखाली टाचलं की त्यातून माश्या निघतात आणि पिकावर अळीची अंडी शोधत सुटतात. अळी जन्मालाच येत नाही. फवारा नको, वास नको, कुणाचे डोळे चुरचुरत नाहीत.

हे सगळं आमच्या घरामागच्या खोलीत चालायचं. लोखंडी रॅक, ट्रे, वर पंखा, ओल मोजायचं एक घड्याळ, आणि भिंतीला लागून एक जाळीचं कपाट. कपाटात मूळ ट्रे. बाकी ट्रेमधले पतंग कार्डासाठी, कपाटातले फक्त वंश चालू ठेवण्यासाठी. बायको म्हणायची, घर जळालं तर तुम्ही तुमचे तुम्ही बाहेर पडा, मी कपाट काढते. आणि ती थट्टा करत नसे.

सुरुवातीला लोक आम्हाला हसायचे. मग आमच्या प्रांतात कायदा आला. जहाल औषधं बंद. इकडे विषाला औषधच म्हणतात, म्हणून ते विकणाऱ्याचं नाव पडलं होतं डॉक्टर. डॉक्टर शहाणा माणूस. त्याने मोर्चा काढला नाही, अर्ज केला नाही. एका सकाळी ट्रकमध्ये दुकान भरलं, कालव्यावरचा पूल ओलांडला, आणि पलीकडे पहिल्याच कोपऱ्यावर तीच पाटी लावली. पलीकडे दुसरा प्रांत. कायदा पुलाच्या मध्यापर्यंत चालत येतो आणि तिथून माघारी फिरतो.

इकडे आमच्या दारात रांग लागली. हसणारेच आधी आले. ही नाक न मुरडता प्रत्येकाला कार्ड द्यायची, वर समजावून सांगायची. मी असतो तर चार शब्द सुनावले असते.

काही वर्षं बरी गेली. आमच्या बाजूचा भाजीपाला स्वच्छ म्हणून शहरात नावाजला गेला. मग मका कोण पिकवणार? मका कष्टाचा, भाव कमी. तो गेला पलीकडे. आम्ही टोमॅटो आणि कोबी करायचो, पलीकडचे आमच्या वाटचा मका करायचे आणि त्यावर आमच्या वाटचं विष मारायचे. पीक उभं असतं त्या दिवसांत वारा तिकडून इकडे वाहतो. कालव्याकाठच्या आमच्या शेतांवर कार्ड लावलं आणि पलीकडे पंप सुरू झाला की दुसऱ्या दिवशी पानाखाली काही हलत नसे. अळी मात्र शिल्लक. तिला पलीकडे ते विष पचायला लागलं होतं, आणि तिला पूल लागत नाही.

एकदा सभागृहात शेतीखात्याचे साहेब आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. कायद्यानंतर आमच्या प्रांताचं उत्पादन कसं आधी घसरलं आणि मग कसं चढलं. रेघ खरोखरच वर जात होती. काठावरची एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, माझं शेत या रेघेत कुठे आहे?" साहेब चांगला माणूस होता, त्याने टोलवाटोलवी केली नाही. तो म्हणाला, "बाई, ही सगळ्यांची मिळून रेघ आहे. तुमचं नुकसान बाकीच्यांच्या फायद्यात बुडून जातं. आणि पलीकडचं तर माझ्या आकड्यात येतच नाही, ते पलीकडच्या साहेबाकडे." बाई खाली बसली. त्याच सभेत त्यांनी सांगितलं की आकडे उत्तम असल्यामुळे मित्रकीटकांची सरकारी प्रयोगशाळा आता बंद करत आहेत. टाळ्या पडल्या. मला वाटतं लोकांना ते बक्षीस वाटलं.

माझी सासुरवाडी पलीकडची. बायकोला एकच भाऊ, तिच्याहून बराच लहान. आई लवकर गेली, तेव्हा याला अंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं हिने केलं. आता त्याला पोट सुटलं आहे, कानावरचे केस पिकले आहेत, तरी ही त्याला छोट्याच म्हणते. तो मका पिकवायचा आणि सगळ्यांसारखाच फवारायचा. भाऊबहीण या विषयावर कधी बोलत नसत. ही त्याच्याकडे जेवायला जायची, भाचरांचे लाड करायची, आणि ओसरीवर टेकवलेल्या पंपाकडे पाठ करून बसायची. मला ते बघवत नसे. भांडलेले बरे, निदान मोकळे तरी होतात.

मग एकदा छोट्या फवारता फवारता बांधावर कोसळला. दवाखान्यातून सुटला तो सरळ आमच्याकडे आला. खुर्चीत बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, "ताई, अळी मरत नाही. मीच मरतोय. डॉक्टर म्हणतो, दुप्पट मार. किती दुप्पट करायचं? मला पण कार्ड दे."

ही आत गेली. मला वाटलं कार्ड आणायला गेली. ती मोरीत जाऊन रडत होती. इतकी वर्षं तिने त्याला एका शब्दाने टोकलं नव्हतं, आणि तो आपल्या पायांनी आला होता.

पण घोडं अडलं मक्यावर. भावाचं रान मोठं, त्यासाठी कार्डं जास्त, म्हणून पतंग जास्त, म्हणून भरडा जास्त. आणि आमच्या बाजूला मका उरला नव्हता. बाजारात येणारा सगळा मका पलीकडचा, आणि पलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या प्रत्येक पोत्यावर पुलाजवळच्या शेडमध्ये कीडनाशक पावडर मारून लाल शिक्का ठोकलेला. हा नियम कुणाचा? आमचाच. पलीकडची कीड इकडे येऊ नये म्हणून. माणसाने तो मका धुऊन खाल्ला तर काही होत नाही, पण आमच्या अळ्यांना ती पावडर नुसती हुंगली तरी पुरे. इतके दिवस काठावरचे एक काका हिच्यासाठी थोडा मका करायचे. त्या काठानेच त्यांना पिळून काढलं आणि ते शेत विकून मुलाकडे गेले. हिच्याकडे त्यांचा जुना मका होता, तो ती पुरवून पुरवून वापरत होती.

छोट्या म्हणाला, "मी करतो. घरामागचा तुकडा तुझ्या पतंगांसाठी. एक थेंब मारणार नाही."

"खाऊन टाकेल अळी," ही म्हणाली.

"हाताने वेचीन."

आणि त्याने वेचल्या. तो आणि त्याची बायको, सकाळ-संध्याकाळ, मक्याच्या शेंड्यातला एकेक पोंगा उघडून. गावातले लोक बांधावर उभे राहून बघायचे आणि विचारायचे, काय रे, अळ्यांना गोष्ट सांगतोस का? मी एकदा व्हॅन घेऊन गेलो तर हा माणूस गुडघ्यावर बसलेला, बोटं हिरवी झालेली, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला आल्यासारखं हसू. मला म्हणाला, "दाजी, ताईला सांगू नका किती त्रास होतोय. बाकी पीक छान आहे." मी घरी येऊन सगळं सांगितलं. असली गुपितं माझ्या पोटात राहत नाहीत.

त्या हंगामात माझ्या बायकोला दोनच गोष्टी हव्या होत्या. खोली चालू राहावी, आणि भावाच्या पाठीवरचा पंप उतरावा. एरवी मी तिला कधी देवाला हात जोडताना पाहिलं नव्हतं, त्या वर्षी पाहिलं.

मका आला. छोट्याने हातगाडीवरून स्वतः ओढत आणला. पांढरीशुभ्र धुतलेली पोती, तोंडं सुतळीने नीट शिवलेली, शिक्का नाही, डाग नाही. घरगुती थोडंफार धान्य पुलावर कुणी अडवत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, मीच कितीदा सासुरवाडीहून पिशव्या आणल्या होत्या. हिने एक पोतं उसवलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मला म्हणाली, "वास बघा." मक्याला कसला वास असणार, पण मी बघितला. छोट्या दारात उभा राहून घाम पुसत होता आणि आम्ही त्याचं कौतुक कधी करतो याची वाट बघत होता.

नवीन धान्य आलं की ही त्याची परीक्षा घेते. प्रत्येक पोत्यातलं मूठभर वेगळ्या बरणीत, त्यात थोड्या अळ्या, आणि त्या चांगल्या जाड होईपर्यंत धान्याला हात लावायचा नाही. पूर्वी व्यापाऱ्याकडून धान्य आलं तर खिडकीत बरण्यांची रांग लागायची. या वेळी एकच बरणी होती. मी विचारलं तर म्हणाली, "एकाच तुकड्यातला मका, एकाच हाताचा. वेगवेगळं काय बघायचं?" मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. अळ्या मस्त वाढल्या, बरणीभर जाळी झाली, आणि हिने काम सुरू केलं.

त्या मक्यावरचे पतंग मी कधी पाहिले नव्हते असे टपोरे होते. कार्डं इतकी भरगच्च की काठावरची ती बाई हातात घेऊन म्हणाली, यात डाळ लावली आहे की काय. आमच्या बाजूची मागणी भागली. आता भावासाठीचा मोठा घाट घालायचा होता. पलीकडे नवीन पेरणी झाली होती, मका गुडघ्याला आला की कार्डं लागणार. हिने सगळे ट्रे पुन्हा भरले. आधीची पोती संपत आली होती, तेव्हा शेवटचं पोतं फोडून त्यात मिसळलं. कपाटातल्या मूळ ट्रेंना मात्र ती अजून काकांचाच जुना मका देत होती. तोही संपला. मग मूळ ट्रेही शेवटच्या पोत्यातल्या मक्यावर आले. तिने तो भरडा कपाटात ठेवण्याआधी दोनदा चाळला. "मूळ आहेत, त्यांना चांगलं द्यायला हवं," म्हणाली.

आधी अळ्यांनी जाळी विणायचं थांबवलं. मग त्या भरडा सोडून ट्रेच्या कडांवर चढायला लागल्या. सगळीकडच्या कडा अळ्यांनी भरल्या. मी म्हटलं, उकडत असेल त्यांना. तिने पंखा वाढवला, ओल मोजली, भिंगाखाली भरडा तपासला, ट्रे धुतले, रॅकचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवले, मुंग्या असतील म्हणून. अळ्या कडेवरून खाली पडत होत्या आणि वाळून तांबूस होत होत्या. शेवटी तिने जाळीचं कपाट उघडलं. मी मागे उभा होतो. कपाटातल्या कडांवरही अळ्या होत्या.

तिने दार परत लावलं. इतक्या हळू, की आत कुणी झोपलं आहे असं वाटावं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय केलं हो मी?"

आता मित्रमाश्या. त्यांना काही झालं नव्हतं. हिने काही काळी कार्डं फ्रिजमध्ये ठेवली होती, थंडीत त्या थोड्या उशिरा निघतात. पण थोड्याच उशिरा. त्या निघतील तेव्हा त्यांच्यापुढे पतंगाची ताजी अंडी हवीत, नाहीतर एवढासा त्यांचा जन्म, अंडं शोधण्यातच संपतो. म्हणजे पतंग हवे होते, आणि लगेच हवे होते. हे पतंग काही दुर्मीळ नाहीत. जुन्या पिठात, पडीक गिरणीत, कुजक्या धान्यात हेच तर निघतात.

तेव्हा आम्ही नवराबायको गावभर दारोदार फिरलो आणि विचारलं, "तुमच्या पिठात किडे आहेत का?"

आता सांगताना हसू येतं, तेव्हा अपमान झाला. एका सूनबाईने दार आमच्या तोंडावर लावलं. एका आजींनी सगळे डबे उघडून दाखवले, बघा, आहे का एक तरी, आमच्या घरात असलं काही चालत नाही. आमचा प्रांत स्वच्छ झाला होता ना. सगळ्यांकडे पत्र्याच्या बंद कोठ्या, गिरण्यांना दर महिन्याला झाडलोट, धान्याला शिक्का. शेवटी एका बंद पडलेल्या गिरणीच्या पट्ट्याखाली, साचलेल्या पिठात हिला थोडे पतंग सापडले. तिने ते ओंजळीत धरून व्हॅनपर्यंत आणले. मी तिला इतकी आनंदी फार दिवसांनी बघत होतो, त्यामुळे मी गाडी वेड्यासारखी हाकली.

त्यांनी अंडी घातली. कार्डाच्या एका लहानशा पट्टीपुरती. त्यांचा वंश वाढायला महिना-दीड महिना लागणार आणि तोवर माश्या टिकणार नव्हत्या. पट्टीवर ज्या माश्या वाढल्या त्या अशक्त निघाल्या, पंख नीट न उलगडलेल्या. बाकीच्या बरणीत जन्माला येत राहिल्या. काचेवर फिरायच्या, वर जायच्या, खाली यायच्या, कोपरे तपासायच्या. अंडं कुठेच नव्हतं. ही खुर्ची घेऊन त्या बरणीसमोर बसून राहायची. मी म्हटलं, "सोडून दे त्यांना बाहेर." म्हणाली, "बाहेर वारा तिकडून आहे."

मी साहेबांना फोन केला. साहेबांनी खरोखर धावपळ केली. दूरच्या एका प्रांतात अशी प्रयोगशाळा होती, त्यांच्याकडे माश्या होत्या, द्यायलाही तयार होते. पण बाहेरचा जिवंत कीटक आमच्या प्रांतात आणायचा तर तो आधी बंदिस्त ठेवून बघायचा, आणि ते बघायची जागा म्हणजे आमची बंद केलेली प्रयोगशाळा. "पुढच्या हंगामापर्यंत काहीतरी करू," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खूप थकलेला होता. मी त्यांच्यावर ओरडणार होतो, पण ओरडवेना. हा हंगाम गेला तर काठावरचे लोक पुढच्या हंगामापर्यंत आमची वाट बघणार नव्हते. त्यांच्यातले दोघे आत्ताच अंधार पडल्यावर डॉक्टरकडे जाऊन येत होते, आणि मला रस्त्यात दिसले की मान खाली घालत होते.

बरणीतल्या माश्या संपल्या. हिने बरणी धुतली, पुसली, फडताळात उपडी ठेवली. छोट्याला कळवायला मी निघालो तर तिने अडवलं. "मी सांगेन. मला आधी कळू दे कशाने झालं." दिवसभर ती उरलेला भरडा चिमटीत घेऊन उजेडात बघत बसायची.

छोट्या न बोलावता आला. सायकलच्या मागे एक लाकडी खोका, आतून ओलं गोणपाट लावलेला. कार्डं उन्हात तापू नयेत म्हणून त्याने स्वतः बनवलेला. आत आला तोच बोलत.

"ताई, मका गुडघ्याला आला. आणि ऐक, पंप विकला मी. डॉक्टरलाच विकला. तो म्हणाला, येशील परत. मी म्हटलं, बस वाट बघत!"

ही उठली, त्याला पाणी दिलं, तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

"छोट्या, कार्डं नाहीत."

"बरं, उद्या येतो."

"उद्याही नाहीत. खोली गेली रे. सगळं मेलं."

तो आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. मी मान हलवली. तो खोलीच्या दारापर्यंत गेला, रिकामे रॅक बघितले, परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "कशाने?"

"कळत नाही."

"मका तर चांगला होता ना गं?" त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मी फार जपला होता. पुलावर या वेळी नवीन माणूस होता, म्हणाला घरचं असलं तरी पावडर मारायचीच. मी पाया पडलो, ऐकेना. मारली पोत्यांवर. मग मी इकडे उतरल्यावर झाडाखाली ताडपत्री अंथरली, सगळा मका त्यावर ओतला आणि घरून धुतलेली पोती आणली होती त्यात भरला. पावडरची पोती तिथेच झटकून टाकून दिली. म्हटलं तुझ्या हाताला नको लागायला, तुला लगेच पुरळ येतं. ताडपत्रीवरचा दाणा न् दाणा गोळा केला, शेवटच्या पोत्यात."

मी बायकोकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं. ताडपत्रीवर मक्याच्या खाली काय काय झटकलं गेलं, आणि ते गोळा करून कुठल्या पोत्यात गेलं, आणि ते पोतं कुठल्या कपाटात गेलं, हे माझ्यासारख्या ड्रायव्हरला कळलं, तर तिला कळायला किती वेळ लागणार.

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात आपल्या हातात घेतला. अळ्या वेचून वेचून त्याच्या नखांत बसलेला हिरवा रंग अजून गेला नव्हता.

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या हाताला काही लागलं नाही. मका फार छान होता. त्यांनी असा मका कधी खाल्ला नव्हता."

"मग?"

"उकाड्याने गेले. पंखा बंद पडला होता."

पंखा आमच्या डोक्यावर गरगर फिरत होता. छोट्याने वर बघितलंही नाही. ताईने सांगितलं म्हणजे तसंच.

"मग आता पुढच्या वर्षी दुप्पट पेरतो तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"नको." ती इतक्या चटकन म्हणाली की तो दचकला. मग तिने आवाज खाली आणला. "आधी या वर्षीचं बघ. पीक उभं आहे, अळी येईल. डॉक्टरकडे जा आणि पंप परत घे."

"तू सांगतेस?"

"मी सांगते."

"तू?"

ती उठली. मला म्हणाली, "व्हॅन काढा."

डॉक्टरने पंप विकला नव्हता, दुकानात बाजूलाच ठेवला होता. तो हसला असता तर मी त्याची कॉलर धरली असती. पण तो हसला नाही. त्याने मुकाट्याने पंप दिला, बरोबर बाटल्या दिल्या, आणि माझ्या बायकोला नमस्कार केला. तिने नमस्कार परत केला. अशी वेळ येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शेतावर छोट्याने पाणी भरलं, औषध घातलं, काठीने ढवळलं. त्याच्या तोंडाला बांधायचा फडका जुना झाला होता, तो ढिला पडत होता. हिने तो सोडला, आपली ओढणी फाडून नवीन घडी केली, आणि त्याच्या नाकातोंडावरून घट्ट बांधली. लहानपणी शाळेत जाताना बांधायची तशी, मानेमागे दोन गाठी. त्याने पंप पाठीवर चढवला, बोट ओलं करून वर धरलं आणि थांबला.

"ताई, वारा तुमच्याकडे आहे. उद्या सकाळी मारतो."

"आजच मार," ती म्हणाली. "आमच्याकडे आता मरायला काही राहिलं नाही."

तो मक्यात शिरला. आम्ही व्हॅनमध्ये बसलो, काचा वर केल्या आणि पुलाकडे निघालो.